ल्युकेमिया बरा झाला, तरी कंबरेचे माप का घ्यायचे?

बालवयात रक्ताचा कर्करोग, म्हणजे ल्युकेमिया, होऊन बरे झालेल्यांची किंवा त्यांच्या घरच्यांची पत्रे या सदराकडे अधूनमधून येतच असतात. या वेळी मात्र पाच पत्रांचा विषय जवळजवळ एकच निघाला. कुणाचे पोट सुटले आहे, कुणाची साखर काठावर आली आहे, कुणाच्या रक्तात चरबी वाढली आहे, आणि प्रत्येकाला पडलेला प्रश्न असा की, जुन्या आजाराचा याच्याशी काही संबंध आहे का. संबंध आहे. तो सर्वांच्या बाबतीत सारखा नाही, आणि तो किती आहे हे आजाराच्या नावावरून कळत नाही. त्या वेळी कोणता उपचार किती मात्रेत मिळाला यावरून ते ठरते. म्हणून पाचही पत्रे एकत्र घेतली आहेत. नावे गाळली आहेत आणि मजकूर थोडका केला आहे.

प्रश्न : माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे. चौथ्या वर्षी त्याला एएलएल (अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया) हा ब्लड कॅन्सर झाला. अडीच वर्षे औषधे चालली, डोक्याला लाईट (किरणोपचार) दिलेली नाही, आणि उपचार संपून आता साडेचार वर्षे झाली. स्टिरॉइडच्या गोळ्यांच्या काळात तो जो फुगला तो पुरता उतरलाच नाही. उंची १४० सेंटिमीटर आणि वजन ४५ किलो आहे. मानेवर काळा पट्टा उठला आहे, तो कितीही घासला तरी जात नाही. सासरची माणसे म्हणतात की मीच लाडाने खाऊ घालून त्याला असा केला. त्याचा भात बंद करू का? — एक आई, कराड

उत्तर : आधी मानेबद्दल, कारण ते घासणे आजच थांबवायचे आहे. मानेच्या मागे किंवा काखेत दिसणारा, हाताला मखमलीसारखा लागणारा असा जाडसर काळपट पट्टा म्हणजे मळ नव्हे. शरीराच्या पेशी इन्सुलिनला पुरेशी दाद देईनाशा झाल्या की स्वादुपिंड अधिकाधिक इन्सुलिन सोडू लागते, आणि त्या जादा इन्सुलिनमुळे तिथली त्वचा दाट आणि काळी होते. माझ्याकडे आलेल्या एका मुलाच्या मानेवर आईने आधी डाळीचे पीठ, मग लिंबू आणि शेवटी पायाची वज्री चालवली होती. मान सोलवटली होती आणि पट्टा जागच्या जागी होता. इन्सुलिनची पातळी उतरली की तो आपोआप फिकट होतो, त्यामुळे पुढच्या वर्षभरात तुमचे प्रयत्न लागू पडत आहेत की नाहीत हे पाहण्याची ती एक फुकटची खूण समजा.

आता हे वजन आले कुठून ते पाहू. एएलएलच्या उपचाराचा पहिला महिना हा स्टिरॉइडचा महिना असतो. प्रेडनिसोलोन किंवा डेक्सामेथासोन यांनी ल्युकेमियाच्या पेशी मरतात, पण हीच औषधे भूक पेटवतात, स्नायू झिजवतात आणि चरबी हातापायांऐवजी पोटावर, गालांवर आणि मानेमागे साठवतात. लहान मुलांच्या कर्करोगाच्या वॉर्डात ज्याने एक रात्र काढली आहे त्याला हे सांगावे लागत नाही. रात्री दोन वाजता चार वर्षांचे मूल उठून बसते, तिखट पोहे मागते, ते संपवते आणि पहाटे पाचला वरणभातासाठी रडू लागते. ती भूक गोळीने लावलेली असते. अशा वेळी मुलाला उपाशी ठेवणारी आई मला अजून भेटलेली नाही, आणि भेटू नये. पुढे मेंटेनन्सच्या, म्हणजे आजार उलटू नये म्हणून चालणाऱ्या सौम्य उपचारांच्या, दीड-दोन वर्षांतही अनेक उपचारपद्धतींत दर महिन्याला पाच दिवस स्टिरॉइड द्यावे लागते, म्हणजे तो फेरा दर महिन्याला नव्याने सुरू होतो. पत्राच्या उत्तराचा हा भाग सासरच्यांना मोठ्याने वाचून दाखवायला हरकत नाही.

यात वयाचाही वाटा आहे. निरोगी मूल पहिल्या वर्षानंतर अंगाने बारीक होत जाते, पाच-सहा वर्षांच्या सुमारास सर्वांत किडकिडीत दिसते आणि तिथून पुन्हा भरू लागते. हे भरणे जितके लवकर सुरू होईल तितका पुढे लठ्ठपणाचा संभव वाढतो. एएलएल सर्वाधिक आढळतो तो दोन ते पाच या वयात, त्यामुळे उपचार नेमके या वळणावर येऊन आदळतात आणि जे भरणे सहाव्या वर्षी सुरू व्हायचे ते चौथ्याच वर्षी सुरू होते.

तिसरे कारण घरात सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. व्हिन्क्रिस्टिन हे औषध नसांना इजा करते, त्यामुळे पावलाचा पुढचा भाग नीट उचलला जात नाही, चप्पल पायातून निसटते, जिना चढताना ठेच लागते. बहुतेक मुलांत ही इजा हळूहळू भरून येते, पण काहींत थोडी उरते, आणि असे मूल कबड्डीत सर्वांत आधी बाद होते, मग खेळायलाच जात नाही आणि मैदानाच्या कडेला इतरांची दप्तरे सांभाळत बसते. शाळेने उपचारांच्या काळात ‘याला दगदग नको’ म्हणून पी.टी.च्या तासाला दिलेली सूट उपचार संपल्यावरही कुणी रद्द करत नाही. तुमच्या मुलाला टाचांवर, पुढची पावले उचलून, दहा पावले चालायला सांगा. जमले नाही तर फिजिओथेरपिस्टला दाखवा. जमले तर त्याची सूट शाळेला पत्र देऊन तुम्हीच रद्द करा, कारण या वयाच्या मुलाला दिवसातून तासभर धावपळ हवीच.

राहिला भात. तो बंद करू नका. तुमच्या मुलाचे वजन उतरवण्याची घाई नाही, ते आहे तिथे थांबवणे पुरेसे आहे, आणि हे बोलण्यापुरते नाही, गणिताने दिसते. आज त्याचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा, २३ आहे. दोन वर्षांत तो ११ सेंटिमीटर वाढला आणि वजन ४५ किलोच राहिले, तर तोच आकडा २० च्या खाली येतो. म्हणजे एक किलोही न घटवता काम होते. याउलट, स्टिरॉइडने आधीच स्नायू झिजलेल्या मुलाला उपास घडवला किंवा एकाच वेळी पोळी-भात दोन्ही तोडले तर वजनकाट्यावर जे कमी दिसेल त्यात स्नायूचाच भाग मोठा असेल, आणि साखर पेटवायला लागतो तो स्नायूच. तेव्हा काढायचेच असेल तर चहाबरोबरची खारी आणि बिस्किटे काढा, पोह्यांवरची शेव काढा, पाकिटातले फळांचे रस काढा, आणि आजारातून उठलेल्या मुलाला ‘ताकदीसाठी’ म्हणून दुधात घातली जाणारी ती गोड पावडर काढा, जिचा डबा असल्या घरांत हमखास फ्रिजवर असतो. ताटात भात एक मूद, त्याच्या दुप्पट उसळ किंवा घट्ट वरण, आणि भाजी. खाणारे घर असेल तर अंडे किंवा मासा. आणि हे ताट घरातल्या सर्वांचे असू द्या. एकट्या त्याच्यापुढे वेगळे ताट ठेवले तर आजारपण पुन्हा त्याच्या एकट्याचे होते.

शिंप्याचा टेप घरी आणून ठेवा. शेवटची बरगडी आणि कंबरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर, दर तीन महिन्यांनी माप घ्या. ते उंचीच्या निम्म्याहून कमी असावे, म्हणजे आज ७० सेंटिमीटरच्या आत. मानेवरचा पट्टा पाहता या महिन्यातच उपाशीपोटी साखर, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी चाचणी), चरबीचे प्रमाण आणि यकृताची एएलटी तपासून घ्या, आणि रक्तदाब त्याच्या दंडाला बसेल अशा मापाच्या पट्ट्याने मोजायला सांगा. उपाशीपोटी साखर १०० ते १२५ किंवा एचबीए१सी ५.७ ते ६.४ यांच्या दरम्यान निघाली तर ती मधुमेहाच्या उंबरठ्यावरची स्थिती आहे, आणि या वयात उंबरठ्यावरून मागे फिरणे पुष्कळदा जमते.

प्रश्न : १९९८ मध्ये, पाच वर्षांची असताना, मला ब्लड कॅन्सर झाला होता. केमो आणि डोक्याला शेक असे दोन्ही उपचार झाले एवढे आईला आठवते. आता मी ३२ वर्षांची असून माझी उंची १४७ सेंटिमीटर, वजन ६१ किलो आणि कंबर ९२ सेंटिमीटर आहे. विम्यासाठी केलेल्या तपासणीत उपाशीपोटी साखर १०८, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) २४०, एचडीएल (चांगले कोलेस्टेरॉल) ३६ आणि रक्तदाब १३४/८६ निघाला. जवळचे डॉक्टर म्हणाले की लग्नानंतर सगळ्याच बायकांचे असे होते. जुनी फाईल घर बदलताना हरवली. आम्हाला मूल हवे आहे. सुरुवात कुठून करू? — एक वाचक, पिंपरी-चिंचवड

उत्तर : लग्नाचा यात काही दोष नाही. कंबर, ट्रायग्लिसराइड, एचडीएल, रक्तदाब आणि साखर या पाच गोष्टींपैकी तीन मर्यादेबाहेर असल्या की त्याला चयापचयाचा विकारसमूह, म्हणजे मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात. भारतीय स्त्रियांसाठी कंबरेची मर्यादा ८० सेंटिमीटर, ट्रायग्लिसराइडची १५०, एचडीएल किमान ५०, रक्तदाब १३०/८५ आणि साखर १०० धरली जाते. तुमच्या पाचही गोष्टी बाहेर आहेत. त्यांच्या जोडीला बेताची उंची आणि लहानपणीचा डोक्याचा शेक ठेवला, की हे चित्र वयाचे किंवा संसाराचे वाटत नाही.

डोक्याला शेक, म्हणजे किरणोपचार, का देत असत, ते सांगणे भाग आहे, कारण अनेकांना वाटते की तो चुकून दिला गेला. ल्युकेमियाविरुद्ध पहिले खरे यश बॉस्टनमध्ये सिडनी फार्बर यांना १९४८ च्या सुमारास ॲमिनोप्टेरिनने मिळाले. (हे औषध लेडर्ले कंपनीत येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या चमूने तयार केले होते, आंध्रातल्या भीमावरमच्या या माणसाचे नाव आपल्याकडे अजूनही फारसे कुणाला माहीत नाही, आणि मेथोट्रेक्सेट हे त्या औषधाचेच भावंड.) पण रक्तातून आजार गेला तरी तो मेंदूभोवतालच्या पाण्यात दडून राही आणि तिथून परत येई, कारण रक्तातली बरीचशी औषधे मेंदूपर्यंत पोहोचतच नाहीत. १९६० च्या दशकात मेम्फिसच्या सेंट ज्यूड रुग्णालयात डोनाल्ड पिंकेल यांनी औषधांच्या जोडीला डोक्याला किरणोपचार द्यायला सुरुवात केली, आणि जवळपास निम्मी मुले बरी होऊ लागली. तुमच्या लहानपणी भारतातल्या मोठ्या कर्करोग रुग्णालयांत वापरल्या जाणाऱ्या एमसीपी-८४१ या पद्धतीतही तो होता. जगभर त्याची मात्रा आधी २४ ग्रे (ग्रे हे किरणांच्या मात्रेचे एकक) होती, मग १८ झाली, पुढे १२ वर आली, आणि सेंट ज्यूडमध्येच २००० ते २००७ या काळात ४९८ मुलांना तो अजिबात न देता, पाठीच्या मणक्यातून दिलेल्या औषधांवर भागवून, उत्तम परिणाम मिळाल्यावर आता बहुतांश मुलांसाठी तो वगळला जातो. कराडच्या मुलाला लाईट दिली गेली नाही ती यामुळे. तुम्ही वाचलात त्यात त्या शेकाचा वाटा आहे. तो आपले काही वसूल करतो, एवढेच.

ही वसुली होते मेंदूच्या तळाशी. तिथे हायपोथॅलॅमस आणि त्याखाली वाटाण्याएवढी पियुषिका ग्रंथी असते. शरीरातली चरबी लेप्टिन नावाचे संप्रेरक सोडून ‘साठा पुरेसा आहे’ असा निरोप हायपोथॅलॅमसला पाठवते. किरणांनी तो भाग दुखावला गेला असेल तर निरोप पोहोचूनही वाचला जात नाही, आणि भरल्या पोटी भूक लागते. अमेरिका आणि कॅनडातल्या हजारो वाचलेल्या मुलांचा जो दीर्घ अभ्यास १९९४ पासून चालू आहे, त्यात २० ग्रे किंवा अधिक शेक पाचव्या वर्षाच्या आत घेतलेल्या मुलींमध्ये लठ्ठपणा सर्वाधिक आढळला. पियुषिकेच्या संप्रेरकांत किरणांना सर्वांत हळवे असते ते वाढसंप्रेरक. त्याचे काम उंचीपुरते नसते: प्रौढपणी ते कमी पडले तर स्नायू घटतात, पोटाच्या आत चरबी साठते आणि कोलेस्टेरॉल बिघडते, म्हणजे तुमच्या अहवालात दिसते तेच सारे. ही उणीव शेकानंतर दहा-वीस वर्षांनीही उघडी पडू शकते.

तेव्हा सुरुवात संप्रेरकतज्ज्ञापासून करा. वाढसंप्रेरकाची पातळी एकदाच रक्त काढून समजत नाही, त्यासाठी औषध देऊन तासातासाने रक्त घेण्याची चाचणी करावी लागते. थायरॉइड तपासताना केवळ टीएसएचवर, म्हणजे पियुषिका थायरॉइडला पाठवते त्या संप्रेरकावर, समाधान मानू नका, सोबत फ्री टी-४, म्हणजे थायरॉइडचे स्वतःचे संप्रेरक, मागा. कारण बिघाड पियुषिकेचा असेल तर टीएसएच सरळ दिसते आणि आजार निसटून जातो. मासिक पाळी किती वयात आली आणि आता नियमित आहे का, हेही न विचारताच सांगा.

दुसरी गाठ हृदयतज्ज्ञाची. आईला विचारा की, सलाईनमधून लाल रंगाचे औषध दिले होते का आणि त्या दिवशी लघवी लालसर होत होती का. ते डॉनोरुबिसिन किंवा डॉक्सोरुबिसिन असणार. या औषधांमुळे हृदयाचा स्नायू पुढे कधी तरी अशक्त होऊ शकतो, एकूण मात्रा दर चौरस मीटरला २५० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त झालेली असेल तर धोका बराच वाढतो, आणि वाढलेला रक्तदाब तो आणखी वाढवतो. गरोदरपणात हृदयावरचा भार वाढतो, म्हणून इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, आधी करून घ्या. साखरेची ७५ ग्रॅम ग्लुकोजची चाचणी दिवस राहण्याआधी एकदा, राहिल्यावर पहिल्याच भेटीत आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांत करावी. चरबी कमी करणारी गोळी कुणी लिहून दिली तर मूल हवे असल्याचे आधी सांगा, कारण त्यातल्या काही गोळ्या त्या काळात चालत नाहीत. एएलएलचे बहुतेक उपचार, ज्यांत पोटाला शेक किंवा अस्थिमज्जारोपण नसते, ते घेतलेल्या स्त्रियांना सहसा मूल होऊ शकते, तेव्हा त्या बाजूने धीर धरा.

फाईल मिळवण्याचा प्रयत्न सोडू नका. मोठ्या रुग्णालयांत जुने कागद नोंदणी क्रमांकावरून निघतात, आणि तो क्रमांक बऱ्याचदा लसीकरणाच्या कार्डावर, जुन्या क्ष-किरण फोटोच्या कोपऱ्यात किंवा मदतनिधीसाठी केलेल्या अर्जाच्या प्रतीवर लिहिलेला सापडतो. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. पूर्णा कुरकुरे यांनी उपचार संपलेल्या मुलांसाठी १९९१ मध्ये स्वतंत्र बाह्यरुग्ण विभाग सुरू केला. तिथे उपचार झाले असतील तर नोंद सापडण्याची आशा चांगली. काहीच हाती लागले नाही तर आईकडून तपशील काढून घ्या: चेहऱ्यावर मुखवटा बसवून मशीनखाली निजवले होते का, किती दिवस, डोक्यापुरते की पाठीवरही खुणा केल्या होत्या. या उत्तरांवरून जाणकार डॉक्टर बराच अंदाज बांधू शकतात.

प्रश्न : माझ्या सहा वर्षांच्या मुलीला गेल्या वर्षी उपचारांच्या पहिल्या महिन्यात साखर ३८० झाल्यामुळे बारा दिवस इन्सुलिन द्यावे लागले. नंतर ते बंद झाले. तिला मधुमेह झाला असे समजायचे का? — एक वडील, रत्नागिरी

उत्तर : नाही. त्या महिन्यात दोन औषधे एकत्र येतात: स्टिरॉइड इन्सुलिनला दाद देऊ देत नाही आणि ॲस्पॅराजिनेज स्वादुपिंडाला इन्सुलिन पुरेसे बनवू देत नाही. दोन्ही थांबली की साखर बहुधा पूर्ववत होते. मात्र ही दोन्ही औषधे उपचाराच्या पुढच्या टप्प्यात पुन्हा येतात, तेव्हा तहान किंवा लघवी वाढली तर वाट न पाहता साखर तपासा. आणि पोटात कळ येऊन उलट्या होऊ लागल्या तर लगेच रुग्णालय गाठा, कारण ॲस्पॅराजिनेजने स्वादुपिंडाला सूजही येते. उपचार संपल्यावर वर्षातून एकदा उपाशीपोटी साखर पुरे. वाढदिवसाचा केक बंद करण्याचे कारण नाही.

प्रश्न : मी २२ वर्षांचा आहे. नवव्या वर्षी ल्युकेमिया उलटला म्हणून सर्व शरीराला किरणोपचार देऊन बहिणीच्या अस्थिमज्जेचे रोपण केले. उंची १६१ सेंटिमीटर, वजन ५२ किलो. सगळे काडीपैलवान म्हणतात, म्हणून वजन वाढवायला रोज चार केळी आणि दोन मिल्कशेक घेतो. एचबीए१सी ६.२ आणि ट्रायग्लिसराइड ३१० निघाले. एवढ्या बारीक माणसाला हे कसे होईल? लॅबची चूक असेल का? — एक तरुण, नागपूर

उत्तर : लॅबची चूक असण्याचा संभव कमी आहे. एचबीए१सी पंडुरोगात फसवते, म्हणून हिमोग्लोबिन पाहून घ्या. पण ट्रायग्लिसराइडही सोबत वाढलेले असल्यामुळे मी तो अहवाल खरा धरीन.

बारीक माणसाला हे कसे होते याचे उत्तर पुण्यातच आहे. तिथल्या केईएम रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभे असलेला एक फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापला गेला. दोघांचा बीएमआय अगदी एकच, २२.३, पण मोजल्यावर युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के निघाली. कपड्यांत दोघे सारखेच सडपातळ दिसतात. आपल्या लोकांत मुळातच असलेली ही ठेवण सर्व शरीराच्या किरणोपचारांनी आणखी पक्की होते. त्या किरणांनी स्नायू कमी वाढतात, त्वचेखाली चरबी साठवण्याच्या जागा कमी पडतात, आणि जी चरबी तिथे मावत नाही ती यकृतात आणि स्नायूंत शिरून इन्सुलिनच्या कामात अडथळा आणते. शिवाय स्वादुपिंडही त्या किरणांच्या वाटेत असतेच. म्हणून रोपणानंतरचा मधुमेह लठ्ठपणाची वाट पाहत नाही. अशा व्यक्तींमध्ये उपाशीपोटी साखर सरळ आणि ग्लुकोज घेतल्यावर दोन तासांची साखर वाकडी असेही आढळते, तेव्हा ती चाचणी जरूर करा. सर्व शरीराला किरणोपचार मिळालेल्यांनी सर्व ठीक असतानाही दर दोन वर्षांनी साखर आणि चरबी तपासावी असा शिरस्ता आहे. तुमचे आकडे पाहता वर्षाला एकदा तरी हवेच. थायरॉइड आणि टेस्टोस्टेरॉनही याच वेळी पाहा, कारण थायरॉइड आणि वृषण या दोन्ही ग्रंथी किरणांच्या टप्प्यात होत्या.

मिल्कशेक आजपासून बंद. वजन वाढवायचे आहे ते स्नायूंचे, आणि ते केळ्यांनी वाढत नाही. आठवड्यातून तीन दिवस जोर, बैठका किंवा वजने, आणि सोबत डाळी, दही, पनीर, अंडी, शेंगदाणे. मात्र व्यायामशाळेत नाव घालण्याआधी इको करून घ्या, आणि गुडघा किंवा खुबा दुखत असेल तर आधी तो दाखवा. स्टिरॉइडच्या उपचारांनंतर खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटलेला असू शकतो, आणि अशा खुब्यावर वजने घेऊन बैठका मारणे परवडत नाही. व्यायामशाळेत विकली जाणारी पावडर प्रशिक्षकाच्या सांगण्यावरून घेऊ नका.

प्रश्न : माझा नातू चौथ्या वर्षी ल्युकेमियातून बरा झाला. ‘रक्तात इन्फेक्शन झाले होते’ असेच आम्ही त्याला सांगत आलो. आता तो सतरा वर्षांचा असून पुण्याला होस्टेलवर जाणार आहे. सगळे विसरलेल्या पोराला दरवर्षी रक्त तपासायला लावून ते कशाला आठवून द्यायचे? — एक आजोबा, बेळगाव

उत्तर : आजोबा, आपल्या मनातली माया कळते. तो विसरला आहे असे मात्र मला वाटत नाही. छातीवरच्या पोर्टच्या (औषधे देण्यासाठी त्वचेखाली बसवलेल्या डबीच्या) वणाबद्दल त्याने कधीच काही विचारले नसेल तर बहुधा घरच्यांना त्रास नको म्हणून विचारले नसेल. या मुलांना घरातले मौन लहानपणापासून वाचता येते.

समजा होस्टेलवर त्याला धाप लागली, किंवा पंचविसाव्या वर्षी नोकरीच्या तपासणीत साखर काठावर निघाली. समोरचा डॉक्टर विचारील, ‘पूर्वी काही मोठा आजार?’ आणि तो ‘इन्फेक्शन’ म्हणेल. पिंपरी-चिंचवडच्या ताईंच्या बाबतीत काय झाले ते वर आहेच: पाच आकडे बिघडलेले असूनही उत्तर मिळाले ते लग्नाचे, आणि त्यांना तर आपल्या आजाराचे नाव माहीत होते. तंबाखू आणि दारू यांचा पहिला आग्रहही होस्टेलवरच होतो, आणि लाल औषध घेतलेल्या हृदयाला व औषधांनी एकदा शिणलेल्या यकृताला ती इतरांपेक्षा अधिक महाग पडते, हे त्याला कुणी तरी आधी सांगितलेले असावे.

तेव्हा तो निघण्याआधी त्याला ज्या डॉक्टरांनी बरे केले त्यांच्याकडे घेऊन जा, आणि आजाराचे खरे नाव त्यांच्या तोंडून, आई-वडील आणि आपण शेजारी बसलेले असताना, त्याच्या कानांवर पडू द्या. मग त्याला एकट्याला दहा मिनिटे आत बसू द्या. मुलांचे खरे प्रश्न वडीलधारी माणसे बाहेर गेल्यावरच निघतात. बरे झालेल्या इतर तरुणांशी बोलावेसे वाटले तर इंडियन कॅन्सर सोसायटीचा ‘उगम’ नावाचा गट आहे, त्यात त्याच्याच वाटेने आलेले पुष्कळ जण भेटतील.

त्याच भेटीत उपचारांचा गोषवारा एका कागदावर लिहून मागा. त्यावर आजाराचा प्रकार, उपचार सुरू झाल्याची आणि संपल्याची तारीख, दिलेल्या सर्व औषधांची नावे, लाल औषधाची एकूण मात्रा, शेक दिला असल्यास कुठे आणि किती ग्रे, मणक्यातून काय दिले, आणि स्वादुपिंडाची सूज, साखर वाढणे किंवा हाडांची तक्रार असे काही मध्ये झाले असल्यास ते, एवढे हवे. खाली दरवर्षीच्या कंबरेच्या मापाला, रक्तदाबाला आणि साखरेला रकाने आखून घ्या. कागदाचा फोटो त्याच्या मोबाईलमध्ये ठेवा आणि मूळ प्रत त्याच्या हातात द्या. ती जपून राहावी म्हणून प्लास्टिकमध्ये मढवू मात्र नका, पुढची मापे त्यानेच त्या रकान्यांत लिहायची आहेत.